माझ्याच बाळंतपणात मी नव्हते

पत्र (थोडं आटोपशीर करून, ओळख पटेल असे तपशील काढून):

ताई, अकरा आठवड्यांपूर्वी मला मुलगी झाली. पहिलीच खेप. सतरा तास कळा काढल्या. मग एकदम बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, खोलीत सहा-सात माणसं धावत आली, कुणीतरी माझ्या अंगावरची चादर ओढली आणि स्ट्रेचर पळायला लागलं. काय झालंय, काय झालंय, असं मी विचारत होते. ‘शांत राहा’ एवढंच उत्तर मिळालं. पुढचं काही आठवत नाही, कारण पूर्ण भूल दिली होती. जाग आली तेव्हा पोट रिकामं आणि शेजारी कुणी नाही. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते नवऱ्याच्या मोबाइलवर. हातात आली ती तिसऱ्या दिवशी, आणि खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही. कुणीतरी आपलं बाळ जरा वेळ सांभाळायला दिलंय, असं वाटलं.

आता ती छान आहे. वजन वाढतंय, हसायला लागलीय. सगळे म्हणतात, बाळ सुखरूप आहे ना, मग झालं तर. सगळे म्हणतात, डॉक्टर देवासारखे धावून आले. सगळे म्हणतात, तू नशीबवान. पण ती झोपल्यावरही मला झोप येत नाही. स्पिरिटचा वास आला की हातपाय गार पडतात. नात्यातली एकजण नुकतीच बाळंत झाली, मी साधा फोनही केला नाही. सगळे म्हणतात, दमलीयेस, होईल नीट. दर महिन्याच्या १२ तारखेला घरात तिचे फोटो काढतात, सगळे खूश असतात आणि माझ्या मात्र सकाळपासून घशात काहीतरी अडकलेलं असतं.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तिला घेऊन जिना उतरताना डोक्यात येतं, हातातून सोडलं तर? म्हणून मी जिना उतरणंच बंद केलंय. मी वाईट आई आहे का? की मला वेड लागतंय?

उत्तर:

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा एका दमात, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ‘सगळे म्हणतात’ हे चार वेळा आलंय. तू काय म्हणतेस, ते या सगळ्यांपैकी कुणी विचारलेलं दिसत नाही. म्हणून आज त्या सगळ्यांना जरा बाहेरच्या खोलीत बसवू.

मी शेवटापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जड गोष्ट तू शेवटी लिहिलीस. ‘सोडलं तर?’ हा विचार ज्यांच्या डोक्यात येऊन गेला अशा आया माझ्यासमोर आजवर कितीतरी बसल्या आहेत. कुणाला जिना, कुणाला गॅलरी, कुणाला स्वयंपाकघरातली सुरी, कुणाला आंघोळीचं पाणी. प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त आपल्याच डोक्यात येतं. कॅनडातल्या संशोधकांनी नवमातांना याबद्दल थेट विचारलं होतं. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. बाळाला चुकून काही होईल, असे नको असलेले विचार जवळपास प्रत्येकीला येत होते, आणि आपल्याच हातून, मुद्दाम काही होईल, असे विचार सुमारे निम्म्या जणींना. त्या सगळ्या वाईट आया नव्हत्या. बाळ घरात आलं की मेंदूतला पहारेकरी कामाला लागतो आणि धोका कुठून येईल याच्या तालमी करत बसतो. तुझ्या पहारेकऱ्याने तर लेबर रूममध्ये खराच धोका पाहिलाय. तो आता डोळा मिटायला तयार नाही.

विचार आला की तू घाबरतेस, तो तुला किळसवाणा वाटतो, म्हणून तू जिनाच टाळतेस. ही चिंतेची लक्षणं आहेत, वेडाची नव्हेत. फक्त एक सांगते, जिना टाळणं हा त्या विचाराचा खुराक आहे. तू जितकी टाळशील तितकी त्याची खात्री पटेल की जिन्यात खरंच काहीतरी आहे. कठड्याला धरून, सावकाश, पण जिना उतर. हवं तर पहिले काही दिवस कुणाला तरी सोबत घे. विचार येईल. येऊ दे, त्याच्याशी वाद घालू नकोस. तो येईल आणि तू खाली पोचशील.

चित्र वेगळं कधी असतं, हेही सांगायला हवं. विचाराची भीती वाटेनाशी झाली, तो बरोबरच आहे असं वाटायला लागलं, कुणीतरी तसं करायला सांगतंय असं ऐकू यायला लागलं, बाळात काही अघोरी आहे अशी खात्री व्हायला लागली, दोन-तीन रात्री झोप नसूनही अंगात भलताच उत्साह आला, बोलण्याचा ताळमेळ सुटला, तर तो वेगळा आजार असतो. हजारात एक किंवा दोघींना होतो, बहुतेक वेळा बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. तेव्हा अपॉइंटमेंटची वाट पाहायची नसते. आईला आणि बाळाला एकटं न ठेवता त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं असतं. उपचारांनी त्या आयाही बऱ्या होतात. तुझ्या पत्रात यातलं काही दिसत नाही. पण मरून जावं, आपण नसलो तर बरं, असं कधी मनात आलं, तर तीही त्याच दिवशी सांगायची गोष्ट. मी हे तुला विचारतेय असं समज, आणि उत्तर ‘हो’ असेल तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट पाहू नकोस.

आता त्या तिसऱ्या दिवसाबद्दल. ‘मला काहीच वाटलं नाही’ हे वाक्य लिहिताना तुझा हात थरथरला असणार. १९८० साली रॉबसन आणि कुमार या ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी आयांना हाच प्रश्न विचारला होता, बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं? पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के जणींनी सांगितलं की मुख्य भावना होती काही न वाटण्याची. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या आयांमध्येही असं सांगणाऱ्या २५ टक्के होत्या. बहुतेकींची माया आठवडाभरात जागी झाली. ज्यांच्या कळा फार वेदनेच्या आणि त्रासाच्या होत्या, त्यांच्यात ही अलिप्तता जास्त दिसली.  तुझ्या हातात तर बाळ तिसऱ्या दिवशी आलं, मधे फक्त मोबाइलचा पडदा होता. पाहताक्षणी प्रेमाचा पूर येतो ही गोष्ट सांगणाऱ्या बाया खोटं बोलत नाहीत. पण ज्यांना तसा पूर आला नाही त्या गप्प बसतात, म्हणून एकच गोष्ट सगळीकडे ऐकू येते. तू लिहिलंयस, ‘वजन वाढतंय, हसायला लागलीय.’ हे कुणाचं तरी बाळ सांभाळणाऱ्या बाईचं वाक्य वाटत नाही मला.

मुख्य मुद्द्यावर येते. ‘बाळ सुखरूप आहे ना, मग झालं तर.’

या वाक्यावर माझा जुना राग आहे, म्हणून माझं थोडं ऐक. कागदावर माझं पहिलं बाळंतपण ‘नॉर्मल’. बाळ उत्तम, आई उत्तम. प्रत्यक्षात टाके घालताना भूल नीट चढलीच नव्हती. मी ओरडत होते आणि माझ्या पायांशी बसलेली दोन माणसं सुट्टीत कुठे जायचं यावर बोलत होती. त्यांनी मला गप्प बसायलाही सांगितलं नाही. मी तिथे नव्हतेच जणू. पुढे चार वर्षं मी सगळ्यांना ‘अगदी नॉर्मल झालं हो’ असंच सांगत राहिले, कारण कागदावर तसंच लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि पहिल्या तपासणीला टेबलावर पाय वर घेताना मला अशी धाप लागली की डॉक्टरीणबाईच उठून उभ्या राहिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते मोठ्याने बोलले.

सांगायचं एवढंच, की बाळंतपण कसं झालं हे केसपेपरवरून ठरत नाही. बाईला तिथे काय वाटलं त्यावरून ठरतं. आपण किंवा आपलं बाळ मरणार असं वाटणं, आपल्या हातात काहीच नसणं, विचारलेल्याचं उत्तर न मिळणं, आपण माणूस नसून सामान असल्यासारखं वाटणं. याचा घाव बसतो. निरनिराळ्या अभ्यासांत तीनातली एक बाई आपल्या प्रसूतीला ‘आघात’ म्हणते. त्यातल्या बऱ्याचजणी काही आठवड्यांत सावरतात. पण शंभरातल्या साधारण चौघींमध्ये तो घाव पुढे आघातोत्तर ताणाचा आजार होऊन बसतो, आणि तातडीची शस्त्रक्रिया किंवा बाळ एनआयसीयूत असं काही घडलेलं असेल तर हे प्रमाण आणखी वाढतं. युद्धावरून, अपघातातून आलेल्यांना होतो तोच हा आजार. एखाद्या वासाने तो प्रसंग अंगावर चालून येणं, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं, बाळ निवांत झोपलेलं असताना आपण टक्क जागं असणं. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत आणि महिना केव्हाच उलटून गेलाय. निदान मी करणार नाही. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. पण ‘दमलीयेस’ या एका शब्दात मावणारं हे प्रकरण नाही, एवढं खात्रीने सांगते.

‘दमलीयेस’वरून आठवलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य हुडकायला जगभर एक छोटी प्रश्नावली वापरतात, एडिंबरा स्केल. कॉक्स, होल्डन आणि सगॉव्स्की यांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. मला तिच्यातली एक गोष्ट फार आवडते. नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावल्या विचारतात, थकवा आहे का, भूक लागते का, झोप होते का? आता अकरा आठवड्यांच्या बाळाच्या आईला हे काय विचारायचं! म्हणून या तिघांनी शरीराचे प्रश्न जवळजवळ सगळे वगळले. झोपेचा एकच ठेवला, आणि तोही कसा, तर इतकं वाईट वाटतं का की झोप येत नाही? बाळ झोपू देत नाही ही एक गोष्ट, बाळ झोपलंय आणि तरी आईचा डोळा लागत नाही ही अगदीच दुसरी. तुझं दुसरं आहे.

बेबी ब्लूज हा शब्द कुणीतरी तुला ऐकवला असेलच. वार पडल्यावर दोन-तीन दिवसांत गरोदरपणातले हार्मोन एकदम खाली येतात आणि निम्म्याहून जास्त बायांना उगीच रडू फुटतं, चिडचिड होते. ते दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवडे ओलांडून गेलेल्या गोष्टीला ब्लूज म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार नुकत्याच बाळंत झालेल्या शंभर बायांपैकी सुमारे तेराजणींना मानसिक आजार गाठतो, त्यात मुख्यतः नैराश्य. म्हणजे बालरोगतज्ज्ञांच्या प्रतीक्षालयात आठ आया बाळं घेऊन बसल्या असतील, तर त्यातली एक. शेजारच्या खुर्चीतली पण तुझ्याकडे बघून हसत असेल, तूही हसत असशील.

तर आता करायचं काय. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे. स्त्रीरोगतज्ज्ञ, तुमचे नेहमीचे डॉक्टर, कुणीही चालेल, सुरुवात महत्त्वाची. रक्तात लोह आणि थायरॉइड तपासायला सांग. बाळंतपणानंतर काहीजणींचं थायरॉइड बिघडतं आणि त्याची लक्षणं थेट मनाच्या आजारासारखी दिसतात. मग मानसोपचारतज्ज्ञ किंवा आघातावर काम करणारा समुपदेशक गाठ. आघातासाठी जे उपचार चालतात ते नुसत्या गप्पा नव्हेत. ठरावीक बैठकींमध्ये, सुरक्षित वेगाने, तो प्रसंग हाताळायला शिकवतात. नैराश्यही असेल तर औषध सुचवतील. अंगावर पाजत असशील तर ते आधी सांग. दुधात अगदी कमी उतरणारी औषधं आहेत, त्यामुळे ‘पाजतेय म्हणून औषध नको’ हा निर्णय घरातल्या कुणी परस्पर घेऊ नये, तूही नाही. बोलायला जमलं नाही तर हे पत्रच डॉक्टरांच्या हातात दे, जिन्याच्या परिच्छेदासकट. तो गाळू नकोस.

दुसरी गोष्ट जरा हळू करायची आहे. तुझ्या पत्रात आठवण स्ट्रेचरपाशी तुटते आणि रिकाम्या पोटाशी पुन्हा सुरू होते. मधलं सगळं तू दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलंयस, तेही ‘डॉक्टर देवासारखे धावले’ इतकंच. स्वतःच्या बाळंतपणाची गोष्ट तुला पूर्ण माहीत नाही, आणि अर्धवट गोष्ट रात्री मेंदू पुन्हा पुन्हा चालवून बघतो. ती गोष्ट परत मिळव. रुग्णालयाकडे तुझ्या प्रसूतीच्या नोंदींची प्रत माग. ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे वेगळी वेळ माग, घाईघाईच्या तपासणीतली पाच मिनिटं नव्हे. प्रश्न लिहून ने. ठोके किती वेळ खाली होते? निर्णय किती वाजता झाला? पाठीत भूल न देता पूर्ण भूल का दिली? (बहुधा उत्तर मिळेल की पूर्ण भूल सगळ्यात लवकर चढते आणि तेवढाच वेळ होता. पण ते त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळं.) ती रडली कधी? तिला आधी कुणी उचललं? बाळाच्या कागदात अपगार स्कोअर लिहिलेला असेल. पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला बाळाचा रंग, ठोके, श्वास, हालचाल, प्रतिसाद पाहून दिलेले गुण. ही पद्धत व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ साली मांडली आणि गंमत म्हणजे त्या भूलतज्ज्ञ होत्या. तू भुलीत होतीस त्या मिनिटांत तुझी लेक काय करत होती, हे कुणीतरी घड्याळ लावून लिहून ठेवलंय. ते तुझं आहे.

एकटी जाऊ नकोस. मन तयार नसेल तर दोन महिन्यांनी जा, कुणीही ढकलत नेऊ नये. ऐकता ऐकता धडधड वाढली तर थांबवायचं, उरलेलं पुढच्या वेळी. आणि डॉक्टरांचे आभार मानावेसे वाटले तर मान, रागावावंसं वाटलं तर तेही बोल. त्यांनी तुझ्या मुलीला वाचवलं आणि त्या धावपळीत तुझ्याशी एक वाक्य नीट बोलायला कुणी थांबलं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या. ‘ठोके कमी झालेत, तुला भूल देऊन बाळ बाहेर काढतोय’ हे म्हणायला पाच सेकंदं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीच्या काळजीबद्दल सूचना काढल्या त्यात आई-बाळाच्या जिवाइतकाच आईच्या अनुभवाचाही विचार आहे. आदराने वागवणं, नीट समजावून सांगणं, सोबतीला हवं ते माणूस असू देणं. तेव्हा तू फाजील अपेक्षा करत नाहीयेस.

इथून पुढचं तुझ्या नवऱ्याला वाचायला दे.

बाबा रे, मोबाइलवर फोटो तू काढलास. म्हणजे त्या दारापलीकडे तू एकटा उभा होतास, आत बायको होती की नाही हेही तुला कुणी सांगत नव्हतं. बाप झालेल्यांपैकीही दहातला एक या काळात नैराश्यात जातो, तेव्हा तुझंही तपासून घे. पण आधी तिच्याजवळ बस आणि त्या दिवशी तू काय पाहिलंस ते सांग. सजवून नको, घाबरला होतास तर तसंच सांग. तिने रडायला सुरुवात केली तर ‘आता सगळं छान आहे ना’ म्हणू नकोस. ती रडेल, तू बस. आणि रोज रात्री तिला सलग पाच तास झोपता येईल अशी सोय कर. डोळा लागला नाही तरी त्या पाच तासांत बाळाची जबाबदारी तिच्यावर नसेल. ती दूध काढून ठेवेल किंवा डॉक्टर सांगतील ते वरचं दूध असेल, पाजायचं तू. तिला उठवून ‘लंगोट कुठे आहेत’ हे विचारणं यात बसत नाही.

राहता राहिली १२ तारीख. घरातल्यांसाठी तो मुलगी आल्याचा दिवस, तुझ्यासाठी तिच्यासकट सगळं हातातून निसटल्याचा. शरीर तारखा लक्षात ठेवतं. पहिला वाढदिवसही बऱ्याच आयांना असाच जड जातो. येत्या १२ला फोटो काढायला घरात गर्दी जमायच्या आधी, सकाळचा एक तास तुझा ठेव. वाटलं तर नवऱ्याला सोबत घे. रडायचं तर तेव्हा रड, काही लिहायचं तर लिही, लेकीला उघड्या छातीशी धरून नुसती पडून राहा. पहिल्या दिवशी जे राहिलं ते आता करायला उशीर झालेला नाही. आणि फोटोत उभं राहायचं की नाही, ते ऐन वेळी ठरव. कुणी विचारलं तर सांग, या महिन्यात नाही.